मोहनाच्या दाखल्यातला शब्द

गुरुवारी माझं मौन असतं. सकाळी दत्ताला फूल वाहिलं की संध्याकाळचा दिवा लागेपर्यंत मी बोलत नाही. मांजलपूरच्या आमच्या शाळेच्या ऑफिसात हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. काही सांगायचं झालंच तर मी चिठ्ठी लिहिते. शेजारच्या टेबलावर निकालपत्रकं करणारा हार्दिक म्हणतो, "निरुबेन, गुरुवारे ऑफिसमां केटली शांति!"

त्या गुरुवारी दुपारी मोहना आली. तीन वर्षं सातवी ब सांभाळून गेल्याच महिन्यात तिने आमची शाळा सोडली होती. बिऱ्हाड शहराच्या दुसऱ्या टोकाला, फतेगंजला हललं, तिथल्याच एका शाळेत तिची निवड जवळजवळ झाल्यातच जमा होती.

"निरुपमाताई, माझं इथे काही चुकलं होतं का?"

मी मान हलवली. नाही.

"मग दाखल्यात असं का लिहिलंत?"

तिचा अनुभवाचा दाखला मीच टाइप केला होता. सही ट्रस्टी प्रतापरावांची, शब्द माझे. शेवटच्या ओळीत होतं, काम आणि वागणूक 'सॅटिस्फॅक्टरी'.

"तिथल्या प्रिन्सिपल कौमुदीबेन म्हणाल्या, तीन वर्षं काम करून फक्त सॅटिस्फॅक्टरी? काही भानगड झाली होती का? त्यांच्याकडे दुसऱ्या एक बाई आल्यात. त्यांच्या दाखल्यात 'गुड' आहे. आज चारपर्यंत ठरवणार आहेत, ताई."

मला काही कळेना. 'गुड' मी सगळ्यांनाच लिहिते. वर्गात डुलक्या घेणारे पी.टी.चे सर गेल्या वर्षी गेले, त्यांनाही लिहिलं होतं. मोहनासाठी मी मुद्दाम वेगळा शब्द काढला होता. गुड म्हणजे चांगलं. चांगली तर काय, भाजीसुद्धा होते. समाधान माणूस देवापाशी मागतो. ज्या कामाने समाधान झालं त्याच्या वर आणखी काय असतं?

एवढं सगळं चिठ्ठीत मावणारं नव्हतं. मी लिहिलं, "पण तो सगळ्यात मोठा शब्द आहे ना?"

हार्दिकने वाकून वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अरे निरुबेन! सॅटिस्फॅक्टरी एटले 'चाली जाय'! गुड एटले सारुं. ने एक्सलंट एटले, हाथ जोडीने लई जाओ!" मग मोहनाकडे वळून त्याच्या मराठीत म्हणाला, "ताईने तुमाला डोक्यावर बसवलं, इंग्लिशने 'चालून जाईल'वर खाली उतरवलं."

मोहना हसली नाही. दाखल्याची घडी तिने इतक्यांदा उघडली होती की कागद मधोमध फाटायला आला होता.

प्रतापराव तीनला आले. मी आत जाऊन चिठ्ठी ठेवली, "मोहनाचा दाखला बदलून द्यावा. शब्द चुकला. चूक माझी."

"चूक कसली?" त्यांनी खणातून डिक्शनरी काढली, पान शोधलं, बोट ठेवलं. "हे बघा. समाधानकारक. आता डिक्शनरी खोटी का?"

मी लिहिलं, "अर्थ बरोबर. वापर वेगळा."

"आणि जावक क्रमांक पडलेला कागद फिरवायचा? उद्या ते पी.टी.चे सर येतील, मला एक्सलंट करून द्या म्हणून."

मी लिहिलं, "त्यांचं गुडसुद्धा जास्तच झालंय."

प्रतापराव हसले. "मौनातसुद्धा भांडता तुम्ही, बाई! पण नाही म्हणजे नाही. फोनबिन करायचा तर स्वतःच्या नावाने करा. शाळेला मधे आणू नका."

बाहेर मोहना बाकावर बसून होती. माझ्या तोंडाकडे बघूनच तिला समजलं. घड्याळात साडेतीन वाजून गेले होते.

"लाओ नंबर," हार्दिक म्हणाला, "हुं बोली दउं."

मी नको म्हणून खूण केली. शब्द मी निवडला होता. त्याने फोन केला असता तर ऑफिसवाले आपली चूक सारवतायत, एवढंच वाटलं असतं. पण एकोणीस वर्षांत माझं गुरुवारचं मौन मोडलं नव्हतं. एकदा जिन्यावरून पडून हात मोडला, तेव्हाही कुठे दुखतंय ते डॉक्टरांना डाव्या हाताने लिहून दाखवलं होतं. त्यात मी इंग्रजी लिहिते, बोलत नाही.

पाणी प्याले, मनातल्या मनात दत्तमहाराजांची क्षमा मागितली आणि कौमुदीबेनचा नंबर लावला.

"मॅडम, दॅट वर्ड इज माय मिस्टेक," एवढं म्हटलं आणि पुढचं सुचेना. सकाळपासून न वापरलेला आवाज खरखरत होता.

"बेन, गुजरातीमां बोलो ने," पलीकडून कौमुदीबेन म्हणाल्या. "कंई वांधो नथी."

मग मी गुजरातीत सगळं सांगितलं. समाधानाचं सांगितलं, गुडचं सांगितलं, नाव न घेता पी.टी.च्या सरांचंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"ते ठीक," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही तर ऑफिसात बसता. तुमचं समाधान झालं कशाने?"

"वर्गाबाहेर काढलेलं मूल माझ्या टेबलापाशी येऊन उभं राहतं, बेन. त्याचं रजिस्टर माझ्याकडे असतं. सातवी ब मधून आधी दिवसाला दोन-तीन यायची. मोहना आली त्या वर्षी अख्ख्या वर्षात चार आली. पुढची दोन वर्षं एकही नाही. विहंग म्हणून एक मुलगा आहे, सहावीत रोज माझ्यापाशी उभा. सातवीत गेल्यावर एकदाच आला, तेही मधल्या सुट्टीत. मिस उद्या रजेवर आहेत का, असतील तर मीही येणार नाही, हे सांगायला."

"तर मग हे लिहायचं ना, बेन!" कौमुदीबेन जवळजवळ ओरडल्याच. "गुड नि एक्सलंट मी रोज वाचते. हे मला पाठवा, तुमच्या नावाने. गुजराती चालेल, मराठीही चालेल, पण चारच्या आत."

मी चिठ्ठ्यांच्याच वहीत मराठीत लिहिलं. विशेषण एकही घातलं नाही. चार, शून्य, शून्य आणि विहंग. खाली सही केली. हार्दिकने फोटो काढून पाठवला तेव्हा चारला तीन मिनिटं कमी होती.

पाऊण तास आम्ही वाट बघितली. हार्दिकने चहा मागवला, मोहनाने तो थंड करून टाकला. मग तिचा फोन वाजला. ती उभी राहिली. "हो मॅडम. हो. सोमवारी? येते मॅडम." फोन ठेवून तिने आधी डोळे पुसले.

"आठवी क दिलीय मला. म्हणाल्या, तिथली पाच-सहा पोरं रोज त्यांच्या केबिनबाहेर उभी असतात." मग घाबरून माझ्याकडे बघितलं. "ताई, आठवीला मी कधी शिकवलेलं नाही."

मौन तर मोडलेलंच होतं. "बस जरा," मी म्हटलं, "ग्रंथालय साडेपाचपर्यंत उघडं आहे. आठवीची पुस्तकं माझ्या नावावर काढून देते."