जंतूंचा नैवेद्य

मीनाक्षीने फ्लास्क उजेडाला धरला आणि तिचा हात तसाच राहिला. फ्लास्कच्या गळ्याला हळदकुंकू लावलेलं होतं. तोंडातला कापसाचा बोळा ओला होता आणि त्यावर झेंडूची पाकळी चिकटली होती.

"कोंडीराम!"

कोंडीराम पुढे आला. अर्धं आयुष्य लालबागच्या कापडगिरणीत साचे म्हणजे माग चालवून छातीने दगा दिला, तेव्हा तो परळच्या या प्रयोगशाळेत शिपाई लागला होता. आज धुतलेली टोपी घालून, शाबासकी मिळणार अशा तोंडाने उभा होता.

"आज खंडेनवमी ना, बाई. गिरणीत पूजा केल्याबिगर कोण साच्याला हात लावत नाय. इथे दिल्लीचा साहेब यायचा आणि हत्यारं बिनपुजेची? काटा, दुर्बीण, सगळ्यांना कुंकू लावलं."

"बोळा कोणी काढला?"

"मीच. काचेला कुंकू मिळालं, पण आतल्या जीवांचं काय? तुम्हीच म्हणालात, जिवंत आहेत म्हणून. मग आत्ताच चमचाभर दूध..."

"दूध घातलंत?"

"नुसतं दूध नाय, बाई, त्यात..."

"गप्प बसा! आता एक शब्द बोलू नका!"

कोंडीराम गप्प बसला. हुकूम पाळण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

फ्लास्कातल्या जंतूंनी जन्मात दूध पाहिलं नव्हतं, आणि हेच मीनाक्षीचं सगळं भांडवल होतं. दुधातली साखर फोडणारं एन्झाइम बनवायचं जनुक त्यांच्याकडे असतं. पण दुसरं एक जनुक त्याच्या दारावर पहारेकरी बसवतं. पहारेकरी स्वतः काही करत नाही, फक्त दुसऱ्याला करू देत नाही. दुधाची साखर आली की ती त्याला दारातून उठवते आणि कारखाना सुरू होतो. पॅरिसच्या मासिकात हे छापून आलं तेव्हा तिचे वरिष्ठ शामराव म्हणाले होते, "यात नवीन काय? आमच्या सचिवालयात जाऊन या."

आज ती एकाच फ्लास्कातले जंतू दोन नळ्यांत घेऊन दाखवणार होती. उपाशी जंतूंची नळी पांढरी राहणार, साखर दिलेल्यांची पिवळी होणार. दिल्लीच्या तेलंगसाहेबांना पटलं, तर तिचं काम चालू राहणार. नाही पटलं, तर या खोलीत लशीच्या रिकाम्या बाटल्या ठेवायच्या होत्या, आणि मीनाक्षीने गिरगावात घरी बसून, वहिनीने हेरून ठेवलेल्या जळगावच्या वकिलाला पोहे द्यायचे होते.

आता दूध आत गेलं म्हणजे दोन्ही नळ्या पिवळ्या होणार. नवे जंतू वाढवायला वेळ नव्हता. साहेबांची गाडी फाटकाशी आली होती. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' ओरडणाऱ्या मोर्च्याने ती तेवढी अडवून धरली होती.

मोर्चा लांबलचक होता. तेवढ्यात मीनाक्षीने फ्लास्कातले थोडे जंतू एका नळीत ओतले आणि नळी दिव्यावर खळखळून उकळली. मेलेले जंतू पिवळे होत नाहीत. ही झाली 'उपाशी'. दुसरी तशीच भरली. त्यांना दूध खरंच मिळालं होतं, म्हणजे अर्धं तरी खोटं नव्हतं. तिने फ्लास्कचं कुंकू पदराने पुसलं.

तेलंगसाहेब मूळचे गिरगावचेच. शामरावांबरोबर आत आल्या आल्या म्हणाले, "बाई, सोपं करून सांगा. मी हल्ली फक्त सह्या करतो."

तिने सांगितलं. दोन्ही नळ्यांत, एन्झाइम भेटलं की पिवळं होणारं तपासणीचं पाणी घातलं. पहिली पांढरी राहिली.

दुसरीही पांढरीच राहिली.

शामरावांनी खोकून घेतलं. मीनाक्षीने नळी हलवली, उबेला धरली, पुन्हा हलवली. पांढरी.

"दोघांचा पहारेकरी जागाच दिसतोय," तेलंगसाहेब म्हणाले.

मीनाक्षीने दाराकडे पाहिलं. कोंडीराम ओठ घट्ट मिटून उभा होता.

"बोला आता. दुधात काय होतं?"

"पंचामृत होतं, बाई! तेच सांगत होतो. भावाने गावाहून मध धाडलाय. तो जरा जास्तीच पडला."

मीनाक्षीने डोळे मिटले. मध असताना जंतू दुधाकडे ढुंकून बघत नाहीत. आयतं गोड संपेपर्यंत दार बंदच राहतं.

"पंचामृत?" तेलंगसाहेबांनी शामरावांकडे पाहिलं.

"पण पहिली नळी बरोबर आली ना, साहेब!" शामराव घाईने म्हणाले. "तिला काहीच दिलेलं नाही."

"मग तिच्यातच साखर घाला," तेलंगसाहेब म्हणाले. "ताजे जंतू एन्झाइम बनवतात का बघू. मी थांबतो."

मीनाक्षीने साखरेची बाटली उचलली. बूच काढलं. मग परत लावलं.

"यांचं काही होणार नाही, साहेब. हे मी उकळलेत."

"मीनाक्षीबाई!" शामराव म्हणाले.

तेलंगसाहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "आणि फ्लास्कातले?"

"जिवंत आहेत. मध संपला की दुधाला लागतील."

"कधी?"

"सांगता येत नाही."

तेलंगसाहेबांनी स्टूल ओढून घेतलं.

मग ती थोड्या थोड्या वेळाने फ्लास्कातून नवी नळी भरू लागली. पांढरी. पुन्हा पांढरी. कोंडीरामने चहा आणला. कोणी प्यायला नाही. खाली ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. ऊन सरकत खिडकीतून टेबलावर आलं.

"आलं!" शामराव उडालेच. "पिवळं आलं, साहेब! बघा!"

तेलंगसाहेब वाकले. "हो, दिसतंय खरं." त्यांनी खिशातून पेन काढून टोपण उघडलं. "चला, झालं तर मग."

मीनाक्षीने नळी उन्हातून काढली आणि पांढऱ्या भिंतीसमोर धरली. बराच वेळ बघत राहिली.

"नाही," ती म्हणाली. "उन्हाचा रंग आहे तो. अजून पांढरीच आहे."

तेलंगसाहेबांचं पेन उघडंच राहिलं. ती नळी धुवायला नळाशी गेली.