बंदच्या दिवशीचे तारामासे

आमच्या प्रयोगशाळेत शिपाई असलेल्या गयासचाचांनी माझे नऊ तारामासे मारले, अन् तेही मायेनं. टबातल्या पाण्याला वास मारतोय म्हणून रत्नागिरीहून आणलेलं समुद्राचं पाणी त्यांनी मोरीत ओतलं आणि नळाचं गोडं पाणी भरलं. वर म्हणतात, "बेटी, बेचारे गंदे पानी में पडे थे." मी कपाळावर हात मारला. वेगळ्या बरणीतले तीन आणि समुद्राच्या पाण्याचा एक कॅन, एवढंच वाचलं.

त्याच दिवशी माझी एम.एस्सी.ची प्रॅक्टिकल परीक्षा होती आणि विद्यापीठाच्या नामांतरासाठी शहर बंद होतं. चिकलठाण्याहून, भावाच्या खोलीवरून मी पायी आले होते. तारामाशांनी अंडी सोडावीत म्हणून टोचायचं तयार औषध पार्सलात कुठंतरी अडकलेलं. परीक्षक सर आदल्या दिवशीच आलेले. ते म्हणाले, "सत्यभामा, पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! मागचं वर्ष दंगलीत गेलं होतं. बाबांनी पाचोडहून निरोप धाडला होता, औंदा पास नाय झालीस तर गुमान मेंढरामागं ये. बाबा बोलले की बोलले. मला लई राग आला, आणि रागात माझं डोकं बरं चालतं.

"सर, औषध तारामाशांच्या अंगातच असतंय. मी काढते."

मेंढराची नाळ कापून तयार झालेले हात माझे. एका तारामाशाच्या हातांखालच्या खाचांतून पांढरे मज्जातंतू सोलले, समुद्राच्या पाण्यात वाटले, गाळले. ते पाणी दुसऱ्याला टोचलं. तिसऱ्याला नुसतं समुद्राचं पाणी.

"आता सांगा, काय होईल?" सरांनी विचारलं.

"मज्जातंतूचा रस अंडाशयाला निरोप देतो. मग अंड्यांभोवतीच्या पेशी दुसरं रसायन बनवतात. ते अंड्यांना सांगतं, पिका आणि बाहेर पडा. नर असला तर तसंच, फक्त बीज बाहेर येतं."

अर्धा तास झाला. काहीच नाही. सरांनी बॅग उचलली. चाचा पुटपुटत दुवा मागत होते. मी भांड्यांपुढून हलले नाही.

चाळिसाव्या मिनिटाला दुसऱ्याच्या हातांच्या बुडाशी केशरी दाणे फुटले. बघता बघता धार लागली. तिसरा गप्प होता.

"योगायोग असेल," सर म्हणाले.

"मग बसा." उरलेला रस मी तिसऱ्याला टोचला. सर बसले. पाऊण तासात त्याच्या भांड्यातलं पाणी दुधाळलं. नर निघाला गडी!

चाचा ओरडले, "वाह बेटी!" सरांनी गुण लिहिले, मग पेन थांबवलं. "आज शहर बंद आहे. परीक्षा झाली असं कसं दाखवू? पुढची तारीख टाकतो."

पुढची तारीख म्हणजे निकाल लांबणार, आणि तोवर मी पाचोडला मेंढरांत. मी कागदावर हात ठेवला.

"सर, तारीख आजचीच टाका. तारामाशांनी अंडी-बीज आजच सोडलं."