नावांची भिंत

मी एक जुनी भिंत आहे. कासू स्टेशनात उतरून डोंगराच्या बाजूला तासभर चाललात, की मेथॉडिस्ट मंडळींचे एक लहानसे प्रार्थनामंदिर लागते. त्याच्या दाराआडची भिंत म्हणजे मी. मित्रांनो, माझी गोष्ट फार गोड नाही, पण ती तुम्ही ऐकावी असे वाटते.

नव्वद वर्षांपूर्वी मला बांधले ते इथल्याच कातकऱ्यांनी. नदीतला काळा दगड त्यांनी डोक्यावरून वाहिला. चुना बैलाच्या घाणीत मळला, त्यात गुळाचे पाणी घातले. वर सागाचे वासे आणि मंगलोरी कौले आली. दगड उरला, म्हणून मंदिराला लागून आठ घरांची ओळ उभी राहिली. प्रत्येकाला एक खोली, एक पडवी आणि मागे चूल. त्यांच्या भिंती माझ्याहून बुटक्या, पण दगड एकाच नदीचा. आठ कुटुंबे तिथे राहू लागली. जागेचा कागद त्यांना कोणी दिला नाही, आणि त्यांनीही मागितला नाही.

कागदाचे काम मीच करत होते. बाप्तिस्म्याची वही वाळवीने फस्त केली, तेव्हा पाळकांनी आठ घरांची नावे खिळ्याने माझ्या चुन्यावर कोरली. पुढे तोच रिवाज पडला. मूल झाले की त्याचे नाव आणि साल माझ्यावर यायचे. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या घराची खूण काढी. कुणाचा खेकडा, कुणाचा मासा, कुणाचे खैराचे पान. त्यातल्याच एका घरातल्या हौसाचे नाव तिच्या बापाने कोरले. तिने आपल्या लेकाचे आणि मग नातवाचे, प्रदीपचे, नाव कोरले. खिळा टोचत असे, पण मला त्याचा अभिमान होता.

प्रदीप मोठा होऊन पेणला गणपतीच्या कारखान्यात लागला. मूर्ती घासून गुळगुळीत करायची आणि रंगवायची, यात त्याचा हात असा बसला की खडबडीत काही त्याला बघवेना. एका हिवाळ्यात हौसा आणि बाकीची मंडळी वीटभट्टीवर गेली होती. ती परतायच्या आत मंदिर नवे करायचे, असे त्याने मनात घेतले. सिमेंट नीट धरावे म्हणून त्याने मला छिन्नीने टोचे मारले, वर सिमेंटचा गिलावा केला, पॉलिश पेपरने घासले आणि आकाशी ऑइलपेंट दिला. खरे सांगते, मी हुरळून गेले. नव्या नवरीसारखी मिरवत होते मी. नावांची आठवण मलाही झाली नाही.

वैशाखात माणसे परतली. वाहवा झाली. हौसा मात्र दाराआड येऊन माझ्यावरून हात फिरवत राहिली.

"नावां कुठं हायत रं?"

"बुजवली गो आजी. लय खराब दिसत व्हतं. आता फ्लेक्सचा बोर्ड करून आणतो, सगल्यांची नावां, फोटोसकट."

नातवाने एवढ्या हौसेने केलेले, त्याला काय म्हणणार? बोर्ड आज करू, उद्या करू यात राहून गेला.

दोन वर्षांनी मोजणी आली. ही जागा कुणा गोदामवाल्याला विकली गेली होती. मोजणीचे साहेब वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "इतकी वर्षं राहताय, तर काही पुरावा दाखवा. जुनं लिहिलेलं काहीही चालेल."

हौसाचा चेहरा उजळला. तिने साहेबांना माझ्यापाशी आणले. "हिच्या पोटात हाय सगलं. प्रदीप, फोड."

प्रदीपने छिन्नी लावली. सिमेंट सुटले, पण एकटे सुटले नाही. माझा जुना चुना ओढून घेऊनच ते खाली आले, आणि जमिनीवर त्याचा भुगा झाला. मागे नुसता काळा दगड राहिला. एका तुकड्यावर खेकड्याची नांगी तेवढी दिसत होती.

"मला पाठ हायत नावां," हौसा म्हणाली, आणि पहिल्या घरापासून सांगू लागली. विठू, त्याची आवडी, त्यांचा दामू... साहेबांनी शेवटपर्यंत ऐकले. हातातले पेन मात्र कागदाला टेकले नाही.

"आजी, तोंडी चालत नाही हो," ते हळूच म्हणाले.

आठ घरे एका सकाळी पडली. जुन्या नकाशात मंदिर होते, म्हणून मला कोणी हात लावला नाही. नकाशात माणसांची घरे नव्हती. आता इथे उपासनेला कोणी येत नाही. गोदामाचे लोक मला दरवर्षी रंग देतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी आपली निगा राखा म्हणून विनवतात. माझी निगा नीट राखली जाते आहे. तुम्ही घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसा. त्यांना काय काय पाठ आहे ते विचारा, आणि लिहून घ्या. उद्यावर टाकू नका.

घरे पडल्यावर प्रदीप वही घेऊन भट्टीवर हौसापाशी बसला होता. ती सांगत होती, तो लिहीत होता. तिसरे घर संपले आणि तिला खोकल्याची उबळ आली. "ऱ्हायलेली उद्या सांगते रं," म्हणाली. त्याच रात्री ती गेली. बाकीची माणसे कोणकोणत्या भट्ट्यांवर पांगली, ते प्रदीपला ठाऊक नाही. वहीत पुढे पाच घरांची पाने कोरी आहेत.