सत्तरच्या वेगाची थरथर

नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात. टायर घडताना हवा निघून जावी म्हणून साच्याला भोकं ठेवलेली असतात. त्या भोकांत रबर शिरतं आणि हे केस तयार होतात. टायरच्या कडेचे केस कितीतरी महिने टिकतात. मधल्या पट्ट्यावरचे, म्हणजे जिथे टायर रस्त्याला टेकतो तिथले, गाडी एकदा गावाबाहेर फिरून आली की झडून जातात.

पुढच्या चाकावरचे मधले केस शाबूत होते. दादाची मोटरसायकल घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर उभी होती, चाक जमिनीपासून बोटभर वर. धाकटीने ते हाताने सावकाश फिरवलं आणि पूर्ण वळसा होईपर्यंत नजर हलवली नाही. केस सगळे जागच्या जागी, उभे. तिने हात पुसले आणि चहाला वर गेली.

वर दादा रंगात आला होता. "काल संध्याकाळी मोठ्या रस्त्याला काढली. काय पळते म्हणून सांगू! पण सत्तरच्या पुढे गेलं की हँडल थरथरतं. अंगात हिव भरल्यासारखं."

"सत्तरला?" धाकटीने विचारलं.

"सत्तर, पंच्याहत्तर. काहीतरी चुकतंय, मास्तरीणबाई. तूच बघ आता."

वहिनीने कप पुढे सरकवला. "म्हणजे अजून झाली नाही."

"झाली गं. एवढीशी थरथर राहिली."

धाकटी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची आणि प्रयोग न करताच वहीत उतरवलेले आकडे तिला लांबून ओळखू येत. ते फार गुळगुळीत असतात. सत्तर हा तसाच आकडा होता. पण समोर विद्यार्थी नव्हता, थोरला भाऊ होता. तिने चहा संपवला आणि कप विसळून ठेवला.

गाडी दादाच्या लग्नाच्याही आधीची. गोल दिवा, लांब सीट, गुडघे घासून घासून टाकीला दोन्ही बाजूंनी आलेली चमक. तीन वर्षांपूर्वी एका वळणावर वाळू सांडली होती. दादाने ब्रेक दाबला आणि नवराबायको दोघं रस्त्यावर आडवे झाले. दादाला नुसतं खरचटलं. मागे बसलेल्या वहिनीचं खांद्याचं हाड मोडलं. ते नीट जुळलं, थंडीत ठणकायचं इतकंच, आणि त्या दिवसावरून वहिनीने दादाला एका शब्दाने कधी बोल लावला नाही. बहुधा तेच त्याला जड गेलं असावं. तो भेटेल त्याला सांगत सुटला, "ब्रेकने दगा दिला हो. ड्रमचा ब्रेक, कोणत्या जमान्यातला! डिस्क असती तर जागच्या जागी थांबली असती."

मग डिस्क आली. भंगारवाल्याकडे कुणाची तरी नवी स्पोर्ट बाइक येऊन पडली होती, मागून चेपलेली आणि पुढून ठणठणीत. दादाने तिचा पुढचा सगळा भाग उचलला. दोन डिस्क, पुढचं चाक धरणारा उलट्या बांधणीचा फोर्क, रुंद चाक. त्या फोर्कचा दांडा जुन्या सांगाड्याच्या मानेत बसेना, म्हणून लेथवाल्याकडून नवा दांडा घडवून घेतला. पुढून गाडी अशी तरणीताठी झाल्यावर मागची बाजू केविलवाणी दिसू लागली. मग मागचं रुंद चाक, मग ते धरायला नवा स्विंग आर्म, आणि तो बसावा म्हणून सांगाड्यावर नवे कान. कान जोडायला शेजारच्या शेडमधला वेल्डर आला. त्याच्या कामातून आणि तोंडातून सारख्याच ठिणग्या उडायच्या, म्हणून सगळे त्याला ठिणगी म्हणत.

दादाचं पंप दुरुस्तीचं दुकान घराच्या खालीच होतं. पुढच्या अंगाला पंप, मागच्या अंगाला गाडी. पुढचं काम दिलेल्या दिवशी गिऱ्हाइकाच्या हातात पडे. मागचं मात्र तीन वर्षं तसंच चाललेलं, आणि त्यात धाकटीचाही हात होता. हा फोर्क आखूड आहे, चाकही लहान, गाडी पुढून खाली बसेल आणि मानेचा कोन बदलेल, हे पहिल्यांदा तीच म्हणाली होती. दादाने तेव्हा पाना खाली ठेवून तिच्याकडे असं काही पाहिलं होतं की तिलाच बरं वाटलं. कॉलेजातून येऊन ती खालीच थांबू लागली. एक प्रश्न सुटला की पुढचा पुष्कळदा तीच त्याच्या हातात ठेवी. मागचा शॉक फार कडक नाही ना? दोन चाकं एका रेषेत आहेत ना? दादा खूश, तीही खूश, आणि गाडी घोडीवर.

या वेळी मात्र मागे वहिनीच्या नव्या पाळीची घाई होती.

वहिनी खोकी बनवण्याच्या कारखान्यात कामाला होती. तिला सोमवारपासून पहाटेच्या पाळीवर मुकादम करायचं ठरलं होतं. बारा वर्षं यंत्रापाशी उभं राहिल्यावर पहिल्यांदा बसायला खुर्ची मिळणार होती. त्या वेळी बस नसते. कारखान्याची व्हॅन चौकातून माणसं उचलते, पण तिच्यातल्या जागा मोजक्या. नाव शनिवारपर्यंत द्यायचं होतं. ज्याला वेळेवर पोचता येणार नाही त्याची पाळी दुसऱ्याला, असा साहेबांचा सरळ हिशेब.

"व्हॅन कशाला?" दादा पहिल्या दिवसापासून म्हणत होता. "मी सोडेन की. गाडी कशासाठी बनवतोय?"

शुक्रवारी धाकटी स्वयंपाकघरात गेली तेव्हा वहिनी भाजी चिरत होती. एरवी ती धाकटीला नुसतं 'अगं' म्हणायची. 'वन्सं' म्हणाली की समजावं, पारा चढलाय.

"या वन्सं. तुमची प्रयोगशाळा बंद झाली का आज?"

"उद्या मोजमाप आहे."

"रोजच असतं." सुरी जरा जोरात चालली. "मला एक सांगा, उद्या साहेबांना काय सांगू? व्हॅन नको म्हणाले आणि सोमवारी गाडी घोडीवरच असली, तर ती खुर्ची गेली. दुसरी टपूनच बसलीये. आणि व्हॅन हवी म्हणाले तर हे म्हणणार, माझ्यावर भरवसा नाही का तुझा."

"भरवसा आहे का?"

वहिनीने वर पाहिलं. "मी हेल्मेट आणून ठेवलंय. कपाटात आहे. आता भरवसा म्हणजे आणखी काय करायचं असतं?"

धाकटीला टायरवरचे केस सांगता आले असते. एका वाक्याचं काम होतं. पण त्या वाक्याने वहिनीच्या हाती दादाला पकडायला एक पुरावा आला असता, दादाच्या तोंडून काहीच आलं नसतं. तिने चिरलेली भाजी भांड्यात लोटली.

"उद्या कळेल," ती म्हणाली.

शनिवारी दुपारी दुकानाचं पुढचं शटर अर्धं ओढून घेतलं. धाकटीने मागची फरशी ओल्या फडक्याने पुसली, सुकू दिली आणि गवंड्याकडून मागून आणलेला ओळंबा काढला. ठिणगी बोलावल्यावाचून आला होता आणि उलट्या बादलीवर बसला होता.

"मॅडम, हे घर बांधायचं चाललंय का गाडी?"

"मॉलमधली ढकलगाडी ढकललीयेस कधी?" धाकटी म्हणाली. "तिची पुढची चाकं ज्या खिळ्यावर वळतात त्याच्या मागे फरफटत येतात, म्हणून आपोआप सरळ राहतात. इथेही तेच. हँडल ज्या रेषेभोवती वळतं ती रेषा खाली जमिनीपर्यंत ओढायची. चाक त्या जागेच्या मागे टेकायला हवं. किती मागे, ते मोजायचं. अंतर कमी पडलं तर थरथर."

"आणि पुरेसं असलं तर?"

"तर नाही."

दादा फळी घेऊन तयारच होता. "चल, धरतो मी."

"आधी गाडी घोडीवरून उतरव. आणि वर माणूस हवा. वजन पडलं की शॉक दबतात, कोन बदलतो."

दादाने गाडी उतरवली. "ठिणगी, बस रे."

ठिणगी उठून मोठ्या उत्साहाने गाडीवर चढला. शॉक चांगले खाली गेले. "आकडा काढताना माझंही वजन काढून ठेवा मॅडम. घरी रोज विचारणा होते."

"ते काढायला ओळंबा पुरायचा नाही," दादा म्हणाला आणि ठिणगी मोठ्याने हसला.

दादाने फळी मानेच्या रेषेला लावून खालपर्यंत आणली. जिथे टेकली तिथे धाकटीने खडूने खूण केली. मग चाकाच्या आसावरून ओळंबा सोडला. तो झुलायचा थांबला. दुसरी खूण केली. तिने दोन खुणांमध्ये पट्टी ठेवली, मान वाकडी करून वाचली, पुन्हा एकदा वाचली.

"जुन्या फोर्कला होतं त्यापेक्षा अंतर थोडं जास्तच आहे. फोर्क आखूड असला तरी ही टी, फोर्क मानेला जोडणारी आडवी पट्टी, त्याला मागे घेते, दोन्ही गोष्टींनी एकमेकींची भरपाई केलीये. दादा, गाडी मुळात होती त्याहून सरळ चालेल."

"पण थरथरते ना."

"मानेतला कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, ढिला नाही. चाकाचा तोल आपण मागच्या आठवड्यात केला. पुढेमागे चाकं एका रेषेत."

"मग टी बदलून बघू. भंगारवाल्याकडे दुसरी आहे, जरा..."

"गरज नाही."

हे दोन शब्द तिने तीन वर्षांत त्याला कधी ऐकवले नव्हते. दादाने फळी भिंतीला टेकवली, पुन्हा उचलली आणि खुणांकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा जरा उजळला.

"हा आकडाच खरा नाही. ठिणगी माझ्या दीडपट आहे. त्याच्या वजनाने मागचं जास्त दबलं. माझ्या वजनाला वेगळा येणार."

"बरोबर," धाकटी म्हणाली. "अगदी बरोबर. ठिणगी, उतर. दादा, तू बस."

ठिणगी उतरला आणि त्याने हँडल धरून गाडी सरळ ठेवली. दादा हलला नाही.

"फळी कोण धरणार?"

"ठिणगी धरेल."

"त्याला जमायचं नाही. तो हलवतो."

"ओ शेठ, मी पत्र्याची शिवण धरतो केसाच्या फटीत," ठिणगी म्हणाला. "बसा की. गाडी तुमची, आम्ही काय नुसत्या गाद्या गरम करायच्या?"

दादाने हँडल हातात घेतलं. ते सफाईने घेतलं, जुन्या सवयीने. डाव्या हाताखालचा क्लच दाबून पाहिला, सोडला. उजवा पाय उचलला. पाय सीटच्या उंचीपर्यंत गेला आणि पुन्हा फरशीवर आला. त्याने चप्पल नीट केली, जणू चप्पलच अडली होती, आणि पाय पुन्हा उचलला. या वेळी तो तितकाही वर गेला नाही. धाकटी खाली उकिडवी बसली होती, हातात ओळंबा. बंद गाडी, चहूबाजूंनी भिंती, खाली स्वच्छ फरशी. तिला वाटलं होतं की त्याची अडचण रस्त्यावर जाण्याची आहे. ती नुसतं गाडीवर बसण्यापर्यंत असेल, असं तिला वाटलं नव्हतं. ठिणगी बाजूला सरला आणि वाकून फळी पुसू लागला.

तेवढ्यात जिन्यावरून वहिनी उतरली. फोन हातात, त्याच्यावर तळहात दाबलेला.

"अहो, साहेब आहेत. व्हॅनमध्ये एकच जागा उरलीये म्हणतात. काय सांगू?"

दादाने तिच्याकडे पाहिलं नाही. वहिनीने एकदा खडूच्या खुणांकडे पाहिलं, मग धाकटीकडे.

"कळलं का काही?"

"गाडीत दोष नाही," धाकटी म्हणाली. "मला शोधायला आता काही उरलं नाही, वहिनी."

"म्हणजे सोमवारी सोडणार ना हे?"

यावर धाकटीकडे उत्तर होतं, पण ते तिचं नव्हतं. ती ओळंब्याचा दोरा बोटांभोवती गुंडाळत राहिली. फोनमधून कुणीतरी 'हॅलो, हॅलो' म्हटल्याचा बारीक आवाज आला. वहिनीने तळहात आणखी घट्ट दाबला.

"अहो, ते थांबलेत. काहीतरी बोला."

दादाने गाडी एकट्याने मागे ओढून घोडीवर घेतली. वजनदार गाडी, पण एका झटक्यात चढली. त्याने हँडल सोडलं आणि हात कशाला पुसायचे ते न सुचून पँटलाच पुसले.

"नाव घालायला सांग," तो म्हणाला.

"पण तुम्ही तर म्हणाला होतात..."

"म्हणालो होतो. मोठ्या रस्त्याला मी गेलोच नव्हतो. गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा नाही." त्याने आता तिच्याकडे सरळ पाहिलं. "तू व्हॅनने जा. मी यापुढे गाडी चालवणार नाही. ही नाही, दुसरी कुठलीही नाही. वळणावर तुला उचललं तेव्हाच सोडलं होतं मी, फक्त तुला सांगायचं राहिलं होतं."