शिकारीला निघालेला चष्मेवाला

आमच्या ह्यांनी परदेशात शिकारीला जायचं ठरवलं आणि त्याच दिवसापासून घरात निळ्या रंगाला बंदी आली. तिथल्या चावऱ्या माश्यांना निळा रंग आवडतो, असं शिकारीची व्यवस्था करणाऱ्या कंपनीने पत्रात कळवलं होतं. माश्या समुद्रापलीकडे, पण ह्यांनी कपाटातले निळे शर्ट तर काढून टाकलेच, वर माझी निळी छत्रीही माळ्यावर टाकली.

"अहो, छत्री कुठे येतेय तुमच्याबरोबर?"

"सवय लागायला हवी," म्हणाले.

हे चष्मेवाले. खाली दुकान, वर घर. अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकापासून सहा मीटरवर टांगावा लागतो आणि आमचं दुकान नेमकं तेवढंच लांब आहे. त्या एवढ्याशा जागेत ह्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत डोकावून काढली. मी काउंटर सांभाळते. शिकारीचं खूळ ह्यांच्या डोक्यात भरवलं ते कर्नलने. कर्नल म्हणजे ह्यांचा शाळेतला दोस्त. सैन्याशी त्याचा संबंध एवढाच की मिशा तशा आहेत. त्याने दोघांची नावं नोंदवली, एकेका हरणाचा परवाना काढला आणि ह्यांना फोन करून सांगितलं, "नाही म्हणालास तर तोंड दाखवू नकोस."

मला संताप आला होता. एक तर त्या बिचाऱ्या हरणाने ह्यांचं काय घोडं मारलंय? आणि दुसरं म्हणजे, ह्या माणसाला घरातली पाल मारता येत नाही, पाल दिसली की खुर्चीवर चढून मला हाक मारतात. पण ज्या दिवशी मी भांडायचं ठरवलं होतं, त्याच दिवशी हे जेवताना सहज बोलून गेले, "अगं, चाळीस वर्षांत मी सहा मीटरच्या पलीकडे पाहिलेलंच नाही. हरणाचं राहू दे. नुसतं लांबवर बघत बसायला मिळेल." त्यावर काय भांडणार? मी मुकाट्याने बॅगा काढल्या.

बॅगा म्हणजे एकच बॅग, तीही मऊ. शेवटचा टप्पा छोट्या विमानाचा, त्यात माणशी पंधरा किलोच चालतं. बंदूक तिथे भाड्याने मिळणार होती, हे एक बरं. ह्यांनी मला समोर बसवून यादी सांगितली. बूट एक जोड, मोजे सहा जोड, मातकट रंगाचे शर्ट चार, टोपी, दुर्बीण, हिवतापाच्या गोळ्या अशा एकवीस वस्तू. ती यादी मी कपाटाच्या दारावर चिकटवली. रोज दुपारी दुकान तासभर बंद ठेवून हे पलंगावर ऐसपैस बसायचे आणि तिथून यादी वाचायचे. मी एकेक वस्तू बॅगेत भरायची, न मावलेली बाहेर काढायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नवे बूट पायात रुळावेत म्हणून हे ते घालूनच पलंगावर बसायचे. चादरीचं काय झालं ते मी सांगत नाही.

नेमबाजीचा सरावही जोरात. कर्नलने छर्‍याची बंदूक आणून दिली होती. मागच्या अंगणात कठड्यावर रिकामा डबा ठेवायचा आणि दहा पावलांवरून उडवायचा. तीन आठवडे डबा जागचा हलला नाही. माझी बादली मात्र दोन ठिकाणी गळायला लागली.

"वारा आहे," हे म्हणाले.

दोरीवरचा टॉवेलसुद्धा हलत नव्हता. पण मी तेव्हा नुसती हसले. नेम धरता येत नाही, एवढंच मला वाटलं.

कंपनीने एक अर्ज पाठवला होता, त्यात दृष्टी तपासल्याचा दाखला मागितला होता. ह्यांनी तो आपल्याच लेटरहेडवर लिहिला, खाली आपलीच सही ठोकली आणि आपलाच शिक्का मारला. "उत्तम," असा शेरा दिला होता.

"तपासले तरी का?" मी विचारलं.

"दर वर्षी तपासतो की!"

ते खरं होतं. दर वर्षी दुकानाच्या वाढदिवसाला हे स्वतः त्या खुर्चीत बसतात आणि तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणतात. शेवटच्या ओळीखाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत छापखान्याचं नाव आहे, तेही सोडत नाहीत. मी कौतुकाने ऐकत आले होते.

निघायच्या आदल्या दिवशी बॅगेचं वजन केलं. काट्याचा आकडा बॅगेच्या बंदात अडकवून ह्यांनी ती उचलली, काटा नाकासमोर धरला आणि म्हणाले, "साडेचौदा. बघ, कसं बसवलं!"

मी वाकून पाहिलं. काटा साडेसतरावर होता.

 रात्री झोप लागेना. गळकी बादली आठवली. परवा एका पायात काळा आणि एका पायात चॉकलेटी मोजा घालून हे दुकानात उतरले होते, ते आठवलं. आणि मग तो तक्ता आठवला. अहो, ज्या माणसाने चाळीस वर्षं रोज वीस जणांकडून तो वाचून घेतला, त्याला तो डोळे मिटूनही म्हणता येईल! मला ह्यांनीच शिकवलंय, की गिऱ्हाईक एका डोळ्याने वाचताना ओळ पाठ करतं आणि दुसऱ्या डोळ्याच्या वेळी तीच म्हणून दाखवतं, म्हणून दुसऱ्यांदा उलटी वाचायला लावायची. जगाला उलटं वाचायला लावणारा हा माणूस स्वतः मात्र दर वर्षी सुलट म्हणून पास होत होता. आणि तिकडे उंच गवतात पुढे कर्नल चालणार होता, मागे हे, हातात खरी बंदूक घेऊन. 

सरळ बोलले असते तर ह्यांनी उडवून लावलं असतं. मोतीबिंदूच्या गिऱ्हाइकाला हे हसत सांगतात, "अर्ध्या तासाचं काम, काही कळतसुद्धा नाही." पण स्वतःच्या डोळ्यांत थेंब घालायचे म्हटलं तरी घरभर पळतात. मग मी सकाळी जुनी यादी काढली आणि तिच्या जागी दुसरा कागद चिकटवला.

कर्नल चार वाजता गाडी घेऊन येणार होता. तीन वाजता हे बुटांसकट पलंगावर बसले. "चल, शेवटची उजळणी. बूट एक जोड, ते पायातच आहेत. मोजे सहा जोड."

मी जागची हलले नाही.

"शर्ट चार. टोपी. दुर्बीण. अगं, भरतेस ना? हिवतापाच्या गोळ्या." हे कपाटाकडे टक लावून बघत, मध्येच डोळे बारीक करत, अगदी वाचल्यासारखं म्हणत होते. मला वाटलं होतं, हसू येईल. मला रडू आलं.

माझं नाक ओढलेलं ऐकून हे थांबले. उठले, कपाटाजवळ गेले, आणखी जवळ गेले. कागदावर मी लिहिलं होतं, "तुम्हाला दिसत नाहीये. मी कुणाला सांगणार नाही. डॉक्टरांकडे चला."

हे नाक कागदाला लावून ओळींवरून बोट फिरवत गेले. मग म्हणाले, "अक्षर फार बारीक काढलंयस."

एकेक अक्षर माझ्या अंगठ्याएवढं होतं.

"बारीक आहे?" मी म्हटलं.

ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "चल खाली! तपास माझे डोळे. पास झालो तर निघालो, मग एक शब्द बोलायचा नाही."

बुटांचा धाडधाड आवाज करत हे जिना उतरले आणि खुर्चीत बसले. मी तक्त्यामागचा दिवा लावला, छडी हातात घेतली. बाहेर कर्नलच्या गाडीचा हॉर्न वाजला. अर्धा तास आधीच आला होता मेला. उलटं वाचा म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण म्हणवेना. चाळीस वर्षं हा माणूस त्याच खुर्चीत लोकांना बसवत आला होता. घडाघडा म्हणून टाकलं असतं, तर मी काय करणार होते?

"क," हे म्हणाले. ते सगळ्यात वरचं, तळहाताएवढं अक्षर.

मी छडी दुसऱ्या ओळीवर नेली. बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. ह्यांनी डोळे बारीक केले. गळ्यात अडकवलेली दुर्बीण काढून मांडीवर ठेवली.

"एवढंच दिसतंय गं," म्हणाले. "बाकीचं पाठ आहे."

मी दिवा बंद केला आणि बाहेर जाऊन कर्नलला गाडी बंद करायला सांगितली.