आठव्या गाण्यातली भागीरथी

योगराजचा नवा अल्बम यायचा म्हणजे गुजराती मुलखातल्या भेस्तानच्या खान्देशी वस्तीत लग्नसराई आल्यासारखंच असे. हा योगराज एकेकाळी कारखान्यात सुकदेव विणकराच्या शेजारच्या संच्यांवर, म्हणजे यंत्रमागांवर, कापड विणायचा. मग तो अहिराणी हळदीची गाणी म्हणू लागला, आणि बघता बघता त्याच्या गाण्याशिवाय नवरदेवाला हळद लागेनाशी झाली. पण या खेपेला त्याने काही वर्षं खर्चून 'उभा धागा' नावाचं भलतंच लांबलचक प्रकरण केलं होतं. जेवून ऐकायला बसावं तर उठेपर्यंत चहाची वेळ व्हावी.

सुकदेवला लांबीशी देणंघेणं नव्हतं. योगराजने त्याला आधीच एक गोष्ट कळवली होती: आठव्या गाण्यात वहिनीचा आवाज आहे. वहिनी म्हणजे सुकदेवची भागीरथी. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. मागे फोटो राहिले, लुगडी राहिली, आवाज तेवढा कुठे राहिला नव्हता. कधीतरी गच्चीवर बिबड्या, ज्वारीचे पापड, वाळत घालताना ती गुणगुणत होती, तेव्हा योगराजने ते गुपचूप मोबाइलमध्ये भरून घेतलं होतं. हे कळल्यापासून सुकदेवच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

आता सुकदेवच्या कानांचं सांगायला हवं. संच्यांच्या खडखडाटात उभा जन्म गेला, त्यात बारीक आवाज त्याला कधीच सोडून गेले होते. समोरच्याचं बोलणं तो ओठांवरून ओळखी, आणि चार जण हसले की आपणही हसून घेई. मुलीने, योगिताने, मागे लागून कानाचं यंत्र आणलं होतं. ते कपाटात धूळ खात पडलं होतं. आज मात्र आंघोळ झाल्यावर त्याने ते पुसून पुसून कानात बसवलं.

ऐकायला मंडळी जमली विकासच्या शेडमध्ये. विकास डीजेवाला, योगराजच्या गाण्यांवरच त्याचं पोट. त्याने आपले स्पीकरचे मोठे बॉक्स मांडले होते. वस्तीतली पोरं नाचायच्या बेताने आली होती, आणि म्हातारा आनंदा मुकादम धुतलेली टोपी घालून आला होता. सुकदेव बॉक्सला खेटून बसला आणि योगिताला त्याने शेजारी बसवलं.

पहिलं गाणं सुरू झालं आणि पोरं एकमेकांकडे बघू लागली. गाणं कसलं, संच्यांचा खडखडाट. त्यात मधूनच योगराज एखादी ओळ म्हणे आणि गप्प होई. दुसरं तसंच, तिसरं तर त्याहून संथ. एक पोरगा गुजरातीत कुरकुरला, "आमां नाचवानुं क्यां आवे?" विकासने कपाळाला हात लावला, हळदीत हे वाजवलं तर वरबाप आपल्याला मंडपातून हाकलेल, असं त्याचं म्हणणं. आनंदा मात्र डोळे मिटून मान डोलावत होता. आयुष्यभर ज्या आवाजाला शिव्या घातल्या तो गाण्यात एवढा देखणा वाटेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. कुणी म्हणालं, पुढे सरकवा. पण सुकदेव ऐकेना. एकही गाणं वगळायचं नाही, त्याने बजावलं. मंडळी त्याच्या भिडेखातर बसून राहिली.

सातव्या गाण्याच्या शेवटी सगळे संचे एकदम थांबले, आणि मंडळीतले संच्यांवर राबलेले सगळे कारीगर अर्धवट उठले. संचा थांबला म्हणजे धागा तुटला किंवा लाइट गेली, एवढंच त्यांच्या अंगाला ठाऊक. आनंदाचा हात तर धागा शोधायला पुढेही गेला. मग सगळे ओशाळून हसले आणि खाली बसले. सुकदेवही बसला.

आठवं गाणं सुरू झालं होतं, हे त्याला योगिताच्या चेहऱ्यावरून कळलं. तिने ओढणी तोंडावर दाबली होती. सुकदेवच्या कानात यंत्राने मोठा केलेला पंख्याचा घरघराट होता, आणि त्यामागे डोक्यात कायम वाजणारी ती शिट्टी. भागीरथी नव्हती. त्याने विकासला आवाज वाढवायची खूण केली.

"फुल शे, आबा," विकासचे ओठ हलले. त्याचेही डोळे भरले होते.

सुकदेवने बॉक्सवर तळहात टेकला. मघाशी संचे वाजत होते तेव्हा हा बॉक्स हाडापर्यंत धडधडत होता. आता तो नुसता लाकडाचा होता. सुकदेवला रडू फुटेल असं वाटलं, पण भरल्या मंडळीत रडणार तरी काय सांगून? तेवढ्यात सगळे त्याच्याकडे वळून ओल्या डोळ्यांनी हसले. सवयीने तोही हसला.

पुढची गाणी कशी संपली ते त्याला कळलं नाही. मंडळीत वाद जुंपला. पोरांच्या मते योगराज बिघडला होता, आनंदाच्या मते आता कुठे सुधारला होता. विकास म्हणत होता, आठवं सोडलं तर सगळं पाण्यात. मग योगराजचाच व्हिडिओ कॉल आला आणि फोन सुकदेवच्या हातात दिला गेला. पडद्यावर योगराज थकलेला दिसत होता. लोकांचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलं असावं.

"लोकेस्नं जाऊ दे, भाऊ," तो म्हणाला. "वहिनीना आवाज बराबर उना ना?"

आवाज नीट आला ना, हे सुकदेवने त्याच्या ओठांवरून वाचलं. एवढ्या मायेने आणून दिलेलं आपल्यापर्यंत पोचलंच नाही, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"बराबर उना," तो म्हणाला. "भलता गोड शे."

घरी जाताना वाटेत त्याने योगिताला थांबवलं आणि दिव्याखाली तोंड आपल्याकडे करायला लावलं. आठव्या गाण्याच्या शेवटी सगळे आपल्याकडे बघून का हसले, ते त्याला कळायला हवं होतं. योगिताने सांगितलं, की गाणं गुणगुणून झाल्यावर आई तुम्हालाच हाका मारते. तुम्ही तिथेच गच्चीवर, तिच्याकडे पाठ करून बसला होता.

"किती हाका मारू? तुमले ऐकूच येत नई," ती आईचे शब्द म्हणाली.

सुकदेवने तिला पुन्हा म्हणायला लावलं. तिने पुन्हा म्हटलं, या वेळी मोठ्याने, आणि ते त्याला ऐकू आलं. पण तो आवाज योगिताचा होता.