गुहेचा ठोकळा

पौर्णिमाला गुहेचा ठोकळा सापडला तो रविवारी सकाळी, अकराच्या सुमारास. मोबाइलवरच्या खेळात ती नुसती माती फोडत बसली होती. शेकडो ठोकळे फोडावेत तेव्हा कधीतरी एक निघतो, असं तिनं ऐकलं होतं. आज तो निघाला. काळपट, खरबरीत, एवढासा चौकोन.

"सापडला की!" ती मोठ्यानं म्हणाली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

केजच्या सेतू केंद्रात ती ऑपरेटर होती. दिवसभर माणसांची रीघ असायची, पण बोलणं 'आधार आणलंय का' आणि 'परवा या' यापलीकडं जायचं नाही. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. आठ महिन्यांपूर्वी वडील गेले, अंगद आण्णा. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकल्यावर तिनं आणि थोरल्या भावानं, जीवननं, धारूरजवळच्या गावातल्या घराला कुलूप लावलं. ती केजच्या जीपमध्ये बसली, तो चाकणला कंपनीत गेला. तेव्हापासून फोन यायचा, पण 'जेवलीस का', 'जेवले' इथंच संपायचा.

खेळ त्यानंच शिकवला होता. लॉकडाऊनमध्ये गावी अडकला तेव्हा दोघांनी मिळून खेळात एक डोंगर रचला होता. पुढं तो कामावर गेला आणि डोंगर तिच्यापाशी राहिला.

गुहेचा ठोकळा इतर ठोकळ्यांसारखा वाट अडवत नाही. तो मागच्या बाजूला बसतो आणि खेळातला आपला माणूस त्याच्या पुढून चालतो, म्हणून आत शिरल्यासारखं वाटतं. पण एका ठोकळ्याचं काय होणार? खेळातल्या रीतीप्रमाणं तिनं तो फोडला, त्याचं बी घेतलं आणि पेरलं. झाडाला चार ठोकळे आले. त्यांचं पुन्हा बी केलं. दीड महिना जेवणाच्या सुट्टीत ती हेच करत होती. शेजारच्या टेबलावरची तरन्नुम एकदा म्हणाली, "काय गं, मोबाइलमधे शेती करायली का?"

"लेणी कोरायलेय," पौर्णिमा म्हणाली. तरन्नुम हसली आणि डबा धुवायला गेली.

खरंच लेणी होती ती. आण्णा दर वर्षी दोघा पोरांना एसटीनं औरंगाबादच्या लेण्यांवर न्यायचे. डोंगर चढताना तिला दम लागायचा. आत गारवा, वटवाघळांचा वास. एका लेणीत बुद्धांच्या समोर दगडातली माणसं हात जोडून गुडघ्यावर बसलेली होती. आण्णा त्यांच्याच रांगेत जाऊन बसायचे आणि तिलाही शेजारी बसवायचे.

ठोकळे पुरेसे झाल्यावर तिनं डोंगराच्या पोटात ते एकेक करून लावले. पुढं खांब उभे केले. मग साध्या दगडाची माणसं बसवायला घेतली आणि अडली. डाव्या बाजूला किती होती, उजव्या बाजूला किती? इंटरनेटवर फोटो होते, पण तिला फोटोवरून नव्हे, आठवणीतून करायचं होतं. तिनं जीवनला फोन लावला.

"दादा, लेणीत ती बसलेली माणसं होती बघ. किती होती रे?"

"कोणती माणसं?"

"बुद्धांच्या म्होरं. आण्णा जिथं बसायचे."

पलीकडं मशीनचा आवाज येत होता. जीवन म्हणाला, "अगं पुने, मी कधी आत आलोच न्हाई."

"म्हंजे?"

"अंधाराचं लई भ्याव वाटायचं मला. आण्णा म्हणायचे, ऱ्हाऊ दे, तू चपला राख. तुला सांगू नका म्हणलो होतो त्यास्नी."

इतकी वर्षं तिला वाटत होतं, आण्णांच्या दुसऱ्या बाजूला तो बसलेला असायचा. तशी आठवणच होती तिच्याकडं. म्हणजे आण्णांच्या शेजारी तिच्याशिवाय कुणीच नव्हतं.

"ये की मग आता," ती म्हणाली. "गेममधे. मी केलीय."

पुढच्या रविवारी तो आला. लाल टोपीतला त्याचा माणूस डोंगराच्या तोंडाशी थांबला, मग हळूहळू आत सरकला. खांबांच्या मागून गेला, काळ्या भिंतीपुढं उभा राहिला.

'हे मागचं कशाचं हाय?' त्यानं लिहिलं.

'गुहेचा ठोकळा. लई दुर्मिळ.'

'आण्णा कुठं बसायचे?'

तिनं जागा दाखवली. त्याचा माणूस तिथं गेला. या खेळात बसता येत नाही, त्यामुळं तो नुसता उभा राहिला.

'एकदा खरं जाऊ,' जीवननं लिहिलं. 'सुट्टी बघतो. आता ड्युटी हाय.'

'बघ,' तिनं लिहिलं. त्याला सुट्टी किती मुश्किलीनं मिळते, हे तिला ठाऊक होतं. लाल टोपी दिसेनाशी झाली.

पौर्णिमा आतच थांबली. डावीकडं तिनं सहा माणसं बसवली होती. उजवीकडं पाच. थोडा वेळ विचार करून तिनं तिकडं आणखी एक माणूस बसवला. ते बरोबर होतं की चूक, तिला कळलं नाही. विचारावं असं आता कुणी नव्हतं. तिनं तो तसाच राहू दिला, फोन चार्जिंगला लावला आणि भाताला पाणी ठेवलं.